वळणावरचा तांब्या

रस्त्यावर वळण आलं की इथलं पाणी कुठे पळेल, हे मी अजून बघतो. ही सवय भाऊंनी लावलेली. माजरीजवळच्या माळावर आम्ही मोटारसायकल शर्यतीचा ट्रॅक करत होतो, आणि खाणीत डंपरचे रस्ते बांधून रिटायर झालेले भाऊ तिथली वळणं करायला आले होते. वळणाची बाहेरची कड उंच करायची, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि उकिडवं बसून बघायचं; आत पळालं नाही, तर कड आणखी उंच करायची. भाऊ म्हणायचे,

"पाणी आत पळालं, तं वळन गाडीले बाहेर नाई फेकत."

सातव्या तांब्याला पाणी आत पळालं. भाऊ आपल्या जुन्या मोपेडवर ओरडत, सुसाट वळण घेऊन आले.

"भाऊ, ब्रेक काऊन नाई मारला?" मी विचारलं.

"गाडीले ब्रेकच नाई," ते पोट धरून हसले, "म्हनून तं सात तांबे ओतले!"