परवान्यावरचा बाप

मी खुर्चीवर बसणार, तेवढ्यात आमच्या खाणीशेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं. हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे धूळ फार असते ना." मी आंघोळ करून, इस्त्रीचा ड्रेस घालून सुनावणीला गेले होते. त्या कागदावर निमूट बसले, याची लाज अजून जात नाही. बाबांना तर कोणी बस म्हटलंच नाही. ते भिंतीला टेकून उभे.

मुलुंडच्या डोंगराला लागून आमची खाण. बाबांनी तिथे आयुष्यभर घण-छिन्नीने दगड फोडला, विनापरवाना. मग हाताने दगड फोडणाऱ्यांना परवाने मिळणार असं कळलं. दगडाचा एक ठेकेदार घरी आला. "काका, तुमचं सगळं कायदेशीर करून देतो." बाबांनी केस विंचरले, धुतलेला सदरा घातला, घण खांद्यावर घेऊन फोटो काढून घेतला. पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर सही केली. वर त्याला चहा पाजला. मी बारावी शिकलेली. एकही कागद वाचला नाही. ती चूक माझी.

परवाना आला, बाबांच्या नावावर. पाठोपाठ ठेकेदाराची मशीन आली, सुरुंग आले. बाबा स्वतःच्या परवान्यावर ठेकेदाराचे मजूर झाले. मग एका दुपारी सुरुंगाचा दगड उडून सोसायटीच्या बागेत पडला. एका आजींचा पाय मोडला. तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी मला वाटायचं, पोलीस आले. बाबांना घेऊन जाणार.

त्याच अपघाताच्या सुनावणीत सरकारी साहेबांनी विचारलं, "परवानाधारक कोण?"

ठेकेदाराने बाबांकडे बोट केलं. "हेच आमचे शेठ."

सगळे हसले. बाबाही हसले, सवयीने. ते हसणं मला सहन झालं नाही. मी हलले तसा ठेकेदार वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "गप बस गं. घर माझ्या जागेत आहे तुमचं."

तरी मी उठले. ठेकेदाराकडे बोट केलं.

"साहेब, सुरुंग यांचे. मशीन यांची. माझ्या बापाचा फक्त घण आहे."

"लेखी द्यावं लागेल."

शिपायाकडे कोरा कागद मागितला. उभ्यानेच लिहिलं. अक्षर वाकडं आलं. खाली सही केली.

आता घर खाली करा म्हणून ठेकेदाराचा निरोप आलाय. दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघते. बाबा जेवत नाहीत. पण परवाना त्यांच्या नावावर आहे ना, तोही हाताने दगड फोडायचा? मग त्या खाणीत फक्त घण चालेल. उद्या सकाळी आम्ही दोघं मशीनसमोर उभे राहणार. घाबरलेलेच असू. हलणार नाही.