दाव्यासकट दिलेला बैल

माझ्या मेहुण्याच्या छकड्यानं नागावच्या समुद्राकाठच्या पुळणीवर लागोपाठ तीन वर्षं शर्यतीची ढाल जिंकली, आणि ती तिन्ही वर्षं मला जेवण गोड लागलं नाही. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, माणूस सोन्यासारखा. तोच तर त्रास होता. वाईट असता तर निदान उघडपणे जळता आलं असतं.

खरं दुखणं असं की, त्याच्या जोडीतला उजवा बैल, तांबडा, मूळचा माझा. माझ्या गोठ्यात जन्मला, माझ्या हातचं बादलीभर आंबोण खाऊन वाढला. पण भाताच्या खाचरात चिखलणीला जुंपला की नांगरासकट बांधावरून पसार! दोन पावसाळे मी नांगरामागे कमी आणि बैलामागे जास्त चाललो. शेवटी दिला मेहुण्याच्या गळ्यात बांधून. आमच्याकडे जनावर दिलं तरी गळ्यातलं दावं देत नाहीत. ते सोडून घरी ठेवायचं, म्हणजे जनावरावरचा आपला हक्क राहतो. मी मात्र इतका खुशीत होतो की म्हटलं, "दावंही ने रे बाबा!"

पहिल्या मोसमात तो छकडा पहिला आला तेव्हा मी म्हटलं, नशीब. दुसऱ्या मोसमात मेहुण्यानं हलकी चाकं करून घेतली, हाकायला एक सडपातळ गडी धरला, बैलांच्या मालिशीला दोघं ठेवले. तिसऱ्या मोसमात लोक ओहोटीची वेळ विचारून नुसता तो छकडा बघायला येऊ लागले.

"माझ्या भावाचा बैल काय धावतो हो!" बायको म्हणायची.

"बैल माझा आहे."

"मग तुमच्याकडे का नाही धावला?"

"धावतच होता! म्हणून तर दिला!"

यावर ती पदर तोंडाला लावून आत जायची. हसण्याचा आवाज बाहेर येईल इतपतच आत.

चौथ्या मोसमात मला राहवेना. गेलो, आणि शर्यतीच्या वाटेच्या साधारण मध्यावर गर्दीत उभा राहिलो. कर्ण्यावरून मालकाचं नाव पुकारलं, हाकणाऱ्याचं पुकारलं, गावाचं पुकारलं. बैल वाढवणाऱ्याचं कोण पुकारणार? शेजारच्या म्हाताऱ्याला मीच सांगितलं, "तो उजवा बैल माझ्या हातचा."

"व्हय व्हय," तो म्हणाला, "आनि ह्यो दर्या बी तुमच्याच विहिरीतनं भरलाय, न्हाय का?"

झेंडा पडला. तांबडा वाळू उडवत सगळ्यांच्या पुढे. शर्यत संपल्यावर त्याला हाक मारून म्हाताऱ्याचं तोंड बंद करायचं, असं मी ठरवलं होतं. पण तांबडा समोर आला आणि मी तिथल्या तिथेच ओरडलो.

"हूऽऽ तांबड्याऽ, आंबोण!"

कान उभे राहिले. पुढच्या क्षणी तांबडा काटकोनात वळला, जोडीदाराला ओढत, छकडा उडवत थेट माझ्याकडे. लोक पळाले. हाकणारा वाळूत लोळला. तांबडा माझ्या धोतराचा सोगा हुंगत उभा, आंबोण कुठाय म्हणून. ढाल गेली दुसऱ्या गावाला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला गार वाटलं.

म्हातारा हात जोडून म्हणाला, "तुमचाच हाय बाबा. घेऊन जावा!"

मेहुणा धावत आला. आता चार थोबाडीत बसणार म्हणून मी चष्मा काढून ठेवला. तो बैलाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "भावजी, पुढच्या साली हीच हाक मारायला या. पण शेवटच्या निशाणामागं उभं राहून मारा. बादली घेऊन."

पाचव्या मोसमात मी निशाणामागे बादली धरून ओरडलो. तांबडा असा आला की दुसरा छकडा अर्ध्या वाटेवरच राहिला. कर्ण्यावरून मालक, हाकणारा, गाव, सगळं पुकारलं. बादलीचं काही नाही.

अलिबागहून फोटोवाला आला होता. तो फोटो बायकोनं आमच्या ओटीवर लावला आहे. मध्ये ढाल, ढालीमागे मेहुणा, आणि बादलीत तोंड घातलेला तांबडा, गळ्यात माझंच दावं. आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवते, "हा माझा भाऊ."

मी उठून फोटोच्या कडेला बोट ठेवतो. तिथे बादलीच्या कडीला एक हात आहे, कोपरापर्यंतच आलेला.

"आणि हा मी," मी सांगतो.