कादरचा दोर अपोकाच्या कमरेला

सुप्याच्या आसपास विहीर खोदायची म्हटली की लोक कादरला गाठत. तो खाली, मी वर दोरावर. दुसरा कोणी दोरावर असला तर तो उतरत नसे. कमरेची गाठ मात्र स्वतःच मारायचा, मलाही हात लावू देत नसे. मशिनं आली, हातकाम बसलं. मग एका ठेकेदाराबरोबर आम्ही दोघं घानाला गेलो.

तिंगुरी हे तिथलं लहानसं बाजाराचं गाव. बोअर कोरडे गेले होते, म्हणून जुनी विहीर खोल करायची होती. गाव त्या विहिरीपासूनच सुरू झालं, असं तिथं सांगतात. एक तहानलेला शिकारी परमुलखातून आला. जमिनीच्या मालकानं दोराचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या, आणि त्याला खड्ड्यात उतरवलं. पाणी लागलं. सरदारकी शिकाऱ्याच्या वंशाला मिळाली, जमीन मालकाच्या घराण्यात राहिली. तेव्हापासून परका उतरला की दोर त्या घराण्यातल्या थोरल्या माणसाच्या कमरेला. दुसऱ्या परक्यानं दोराला हात लावला तर करार मोडला, विहीर बंद.

थोरली होती अपोका. म्हातारी, काटकुळी.

ठेकेदाराच्या तिथल्या ड्रायव्हरला हिंदी यायची, त्यानं हे समजावलं. कादर मला म्हणाला, "भीमा, ही माझी चप्पल तरी पेलंल का रं?"

"मग नको उतरू."

"आन् गावानं काय प्यावं? लांबून आलोय आपुन."

भिंतीतल्या खाचांत पाय रोवत तो उतरला. तो खाली आणि माझे हात रिकामे, असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दोरानं गाळाच्या बादल्या वर येत होत्या. एकदम आतून मुरूम घसरल्याचा आवाज आला. भिंतीचा तुकडा खाचांसकट सुटला आणि कादर लोंबकळला.

"भीमा, वढ!"

दोर ताठ झाला. अपोका मागं रेलली होती. रेलणं बरोबर होतं, पण अंगात वजन नव्हतं. तिच्या टाचा मातीत रेघा काढत विहिरीकडे सरकत होत्या. मी उठलो. लोक मला अडवायला पुढे आले.

"दोर नको," ड्रायव्हर म्हणाला.

ओढायचं काम हाताचं नसतं, टाचेचं असतं. मी दोराला शिवलो नाही. अपोकाच्या मागं बसलो, टाचा दगडाला लावल्या, तिच्या पोटाला मिठी घातली आणि मागं रेटलं. ती थांबली. लोकही थांबले. मग कुणीतरी माझी कंबर धरली, त्याची दुसऱ्यानं. आम्ही तिला ओढत होतो, ती कादरला.

तो वर आला. बरगड्या सोलल्या होत्या.

"कुनी वढलं?"

"आजीनं."

"मरता मरता वाचलोय, चेष्टा नको."

"ड्रायव्हरला विचार."

ड्रायव्हरनं होकारार्थी मान हलवली.

सकाळी आम्ही आतल्या भिंतीला बल्ल्यांचा आधार दिला. पाणी अजून लागलं नव्हतं. कादर दोर घेऊन अपोकापुढे उभा राहिला, हात वर केले, आणि गाठ तिला मारू दिली.

मला म्हणाला, "तू मागं बस. दगड हालतोय का बघून."