नातीच्या टाकीतलं ऑइल

नातीने पहिल्या पगारात घेतलेल्या स्कूटरच्या टाकीत मी पेट्रोलबरोबर ऑइलही ओतलं. आमच्या जुन्या स्कूटरला तसं लागायचं. हिला नको होतं. तेव्हा मी अगदीच अल्लड, म्हणजे पासष्टची होते. तिला न विचारता भाजीला निघाले, आणि बरकतपुऱ्यात भसाभस धूर सोडून गाडी बंद पडली. सहाला नात ऑफिसातून येणार. इंजिन गेलं असेल तर तिला काय तोंड दाखवू?

ढकलत ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. मेंदी लावलेली दाढी, कानात अत्तराचा बोळा. प्लग काढून त्याने डोळे मिटून हुंगला.

"कितना डाले, अम्मा?"

मी चिमूट दाखवली. त्याने तो प्लग माझ्या नाकापुढे धरला. मग मी मुकाट्याने ओंजळ दाखवली, आणि विकून टाकलेल्या जुन्या स्कूटरची सवयही सांगितली.

त्याने टाकी रिकामी केली, प्लग सदऱ्याच्या टोकाने पुसला, नवं पेट्रोल भरलं. गाडी आधी खोकली, मग गुणगुणू लागली. पोराच्या कपाळाला लावावा तसा त्याने इंजिनाला हात लावला. माझा जीव भांड्यात पडला.

"इंजन सलामत है, अम्मा," तो म्हणाला. "बस तुमारे हातां कू बोलो, पुरानी गाडी कब की बिक गई."