मोटेच्या सोंडेचं वायसर

लढाई संपल्यावर माझं शेवटचं पोस्टिंग देवळालीला होतं, वर्कशॉपमध्ये, हवालदार फिटर म्हणून. आमचे मेजरसाहेब विलायतेला परत निघाले तेव्हा बंगल्यातलं बरंच सामान वाटून गेले. कुणी खुर्ची नेली, कुणी कंदील. मी व्हॅक्यूम क्लीनर मागितला. सगळे हसले. तो विजेचा नव्हता, हाताने ओढायचा होता, साहेबांच्या आईच्या काळातला. कमरेएवढं पत्र्याचं नळकांडं, वर मूठ, खाली चपटं तोंड, बाजूला कापडी पिशवी. मूठ वर ओढली की धूळ आत जाते. हसणाऱ्यांना मी कारण सांगितलं नाही. माझ्या आईला दमा होता.

आमचं गाव कोरीट. दिवाळीनंतर घरात मिरची येते. धाब्यावर वाळते, मग ओसरीत ढीग लागतो, आणि पुढचे दोन महिने झाडू फिरला की तिखट धूळ उडते. धडधाकट माणूस शिंकून मोकळा होतो. आईचा श्वास अडकायचा. मी फौजेत असताना दोनदा ती हाती लागते की नाही असं झालं होतं. थोरल्या भावाने, दगाभाऊने, यंदा ठरवूनच टाकलं होतं की मिरची घरात यायच्या आत आईला प्रकाशा गावी मामाकडे पोचवायचं. आई ऐकेना.

"मन्हं घर सोडीसन मी कोठे जात नही," ती म्हणाली.

"तुन्हं पलटणनं मशीन चालनं नही ते परवा गाडी जुपस," दगाभाऊ मला म्हणाला.

मी म्हणालो, चालेल. मशीन मी उघडलंही नव्हतं, पण फिटरने नाही म्हणायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी ते अंगणात खोललं. पिशवी ठीक, झडप ठीक. दट्ट्याभोवतीचं चामडी वायसर मात्र झिजून कागद झालं होतं. हे वायसर वाटीसारखं असतं. त्याची कड नळकांड्याला घट्ट घासली तरच हवा ओढली जाते. माझ्याकडे जुने फौजी बूट होते. पलटणीचं चामडं, त्याला तोड नाही, असं म्हणत मी एका बुटाचं वरचं कातडं कापलं, बसवलं आणि मूठ ओढली. ती अर्ध्यात अडकली. जोर लावला तर कड दुमडली आणि हवा बाजूने निसटली. कातडं घासून पातळ केलं, पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. दुपारचे दोन वाजले. दगाभाऊ बैलांना पाणी दाखवून आला, माझ्याकडे बघितलं आणि गाडीच्या चाकांना वंगण घालू लागला.

तेव्हा मला रूपसिंग आठवला. खरं तर सकाळीच आठवायला हवा होता, कारण हीच चूक मी त्याच्यासमोर एकदा करायला निघालो होतो.

नाईक रूपसिंग मोलगीच्या पलीकडच्या पाड्याचा. दोघंही पश्चिम खानदेशचे, पण मी मैदानातला आणि तो डोंगरातला. बोली वेगळी, म्हणून आम्ही फौजी हिंदीत बोलायचो. लढाईत, वाळवंटात, आमच्या सेक्शनकडे वॉटर पॉइंट होता. एक विहीर, एक हातपंप. ०५०० ला पंप सुरू, ०९०० पर्यंत टाक्या भरायच्या, मग तेलपाणी, मग सावली शोधायची. रोज हेच.

एका दुपारी १५१० ला पंपाचं वायसर फाटलं. स्पेअर नव्हतं. आघाडीवरची कंपनी सकाळपासून कोरडी होती. वायरलेसवर सुभेदारसाहेब आले.

"वॉटर पॉइंट, पानी कब?"

"एक घंटा, साहब."

"जल्दी करो. ओव्हर."

मी बूट कापायला घेतला. रूपसिंगने माझा हात धरला. "कडक है. ये नहीं पकडेगा." भिस्त्याची जुनी पखाल तंबूमागे पडली होती. तिचं कातडं वर्षानुवर्षं पाणी पिऊन मऊ झालेलं. त्याने त्यातून गोल तुकडा कापला, मगच्या तोंडावर अंगठ्यांनी दाबून वाटी केली, तेल चोपडलं. पंपात पाण्याचा शेवटचा डबा ओतला आणि १६२० ला पाणी वर आलं.

पंपाचा खालचा व्हॉल्व्हही गळत होता. दांडा थांबला तर पाणी परत खाली गेलं असतं, आणि वर ओतायला आमच्याकडे थेंब नव्हता. १६४० ला विमान आलं. आम्ही आडवे झालो. रूपसिंग दांड्यावर राहिला. विमान गोळ्या झाडत दोन फेऱ्या मारून गेलं. दुसऱ्या फेरीत तो पडला. मी धावत जाऊन आधी दांडा धरला, मग त्याच्याकडे बघितलं. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि आजही मी तेच करीन.

कोरीटच्या अंगणात मी उठलो आणि गोठ्याच्या मागे गेलो. तिथे विहिरीवरची आमची जुनी चामडी मोट पडलेली होती. मोटेची सोंड, जिच्यातून पाणी थारोळ्यात पडतं, ती सगळ्यात मऊ. तिचा गोल तुकडा कापला, कोमट पाण्यात भिजवला, फुलपात्रावर दाबून वाटी केली, तिळाचं तेल लावलं. साडेचारला दट्ट्या बसवला. मूठ एका हाताने वर आली आणि खाली जाताना पिशवी फुगली. वखारीच्या, म्हणजे साठवणीच्या खोलीच्या, कोपऱ्यात गेल्या हंगामाची तिखट धूळ साचलेली होती. आईला मुद्दाम दारात बसवलं आणि सगळा कोपरा साफ केला. ती एकदाही खोकली नाही. दगाभाऊने वंगणाचं नळकं खुंटीला टांगलं. "ऱ्हाऊ दे मंग," म्हणाला.

आई मशीनकडे बघत होती. "हाई कातडानं कोनी शिकाडं तुले?"

मी तिला रूपसिंगचं सांगितलं. तोवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्यानी माय शे का?"

"शे. मोलगीना पल्याड."

"तिले भेटी उना का तू?"

"नही."

"मंग आठे काय करी ऱ्हायना?"

घरी येऊन मला सहा महिने झाले होते. मला लाज वाटली.

बाजाराच्या दिवशी निघालो. अक्कलकुव्यापर्यंत लॉरी, पुढे घाट पायी. मोलगीच्या बाजारात विचारत विचारत पाडा सापडला. रूपसिंगची आई दारात मोहाची वाळलेली फुलं निवडत होती. सरकारी कागद तिला कुणीतरी वाचून दाखवला होता, हे बाजारातच कळलं होतं. त्यात तो मेला एवढंच होतं. तिला माझी भाषा येईना, मला तिची. मी उभा राहिलो, रूपसिंगचं नाव घेतलं, दांडा धरल्यासारखे हात केले आणि वरखाली करून दाखवले. आकाशाकडे बोट केलं. मग पुन्हा हात वरखाली केले, न थांबता. "पाणी," मी म्हणालो.

तो शब्द दोघांचा एकच होता. तिने निवडणं थांबवलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. ते मला कळलं. पाणी आलं का, असं ती विचारत होती.

"आलं," मी म्हणालो. "आख्खी कंपनी प्यायली."