कोडलहट्टीची ब्रँच

शिवलीला रोज हुपरीहून एसटीनं कोल्हापुरात येते आणि शाहूपुरीतल्या एका छोट्या कंपनीत दूध संस्थांचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम सांभाळते. नऊ वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

प्रोग्रॅम एकच, पण प्रत्येक गावाची तऱ्हा निराळी. म्हणून गावागणिक त्याची वेगळी प्रत काढलेली आणि तिला त्या गावाचंच नाव दिलेलं. ऑफिसात तिला ब्रँच म्हणतात. कर्नाटकच्या वेशीवरच्या कोडलहट्टीची ब्रँच शिवलीलानं केली होती. तिथल्या बायकांना मराठी वाचता येत नाही, म्हणून दुधाची पावती कानडीत. त्यासाठी ती तीन दिवस संकलन केंद्रावर जाऊन बसली होती, आणि पावतीवर कुठला शब्द हवा ते बायकांनी आपसात भांडून ठरवलं होतं.

मग पुण्याहून विश्वजित सर प्रमुख म्हणून आले. त्यांना ही गावांची नावं गावंढळ वाटली. एका दुपारी कुणालाही न विचारता त्यांनी सगळ्या ब्रँचना नंबर दिले आणि एकजात उचलून प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीवर बसवल्या. जिथं जुनं नि नवं एकमेकांना भिडलं, तिथं डोळे झाकून नवं ठेवलं, गावासाठी मुद्दाम केलेलं पुसलं. वर याला म्हणे व्यवस्था लावणं म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोडलहट्टी संस्थेच्या सचिव महादेवीअक्कांचा फोन आला. पावत्या मराठीत निघत होत्या आणि बायका केंद्रावरून हलायला तयार नव्हत्या.

सर म्हणाले, त्या ब्रँचला दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता, मेलेलीच होती ती. शिवलीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात लावला न्हाय, कारण त्यात चूक न्हवती, सर. रोज दोन येळा पावत्या निघत्यात तिच्यातनं. मेलेली कशी?"

तिच्या कॉम्प्युटरवर जुनी ब्रँच जशीच्या तशी होती. एकेक ओळ तपासत तिनं ती नव्या प्रोग्रॅमवर बसवली. त्यात संध्याकाळ झाली. नंबर खोडून तिनं नाव घातलं, कोडलहट्टी. मग केंद्राला फोन लावून तो सरांपुढं ठेवला आणि काय झालं ते तुम्हीच सांगा म्हणाली.

सरांनी सांगितलं. महादेवीअक्कांनी ऐकून घेतलं आणि दूध घालायला आलेल्या एका म्हातारीच्या हातात फोन दिला. म्हातारी कानडीत तावातावानं बोलत सुटली. सरांना एक अक्षर कळेना. काय म्हणतेय ही, असं ते शिवलीलाला विचारू लागले.

शिवलीलाला सगळं कळत होतं.

"सकाळपास्नं त्या बायकांचं असंच झालंय की, सर," ती म्हणाली, आणि अर्थ काही सांगितला नाही.