माझा पाहुणा, दादाचं चोवीस

गणिताच्या कोड्यांच्या आमच्या ऑनलाइन ग्रुपवर मी फेमस होतो, पण गणितासाठी नाही. ॲडमिन सरांच्या आवाजाच्या नकलेसाठी. “बच्चों, जल्दबाज़ी मत करो, पहले पेंसिल उठाओ,” अशी नाकातून व्हॉइस नोट टाकली की खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. सर स्वतःपण हसायचे. अडचण एवढीच, की मी बरोबर उत्तर लिहिलं तरी तीच रांग लागायची.

ग्रुप सगळा हिंदीतून. मराठी आम्ही दोघंच, मी अन् आमच्याच शहरातल्या विजय नगरचा एक दादा. इंजिनिअरिंगला होता. त्याचे बाबा अन् माझे बाबा एकाच फॅक्टरीत. ग्रुपच्या बाहेर आम्ही मराठीतून बोलायचो. माझी मराठी घरची, अर्धी हिंदीत बुडवलेली, पण दादा तिच्यावर कधी हसला नाही. त्याच्याशी बोलताना मी जोकर नव्हतो.

सरांचा नियम होता, ज्यानं सगळ्यात साफ समजावलं त्यानं रविवारचं कोडं घालायचं. मला तो रविवार पाहिजे होता. एकदा तरी लोकांनी माझ्या कोड्यावर डोकं खाजवावं.

त्या आठवड्याचं कोडं: महाराजपूरहून सराफा बाजारात स्कूटरनं ताशी वीसच्या वेगानं गेलो, त्याच रस्त्यानं तीसच्या वेगानं परत आलो. सरासरी वेग किती? सगळे तुटून पडले, पंचवीस! वीस अन् तीसच्या मधोमध, और क्या. मी लिहिलं, चोवीस.

एक दीदी म्हणाली, “भैया, एक कहाँ गिरा दिया?”

मी सरांच्या आवाजात बोललो, “बच्चों, गड्ढे में.” सवय ना.

मग दादाचा फोन. “काय बे, चोवीस काहून? पंचवीसच येते ना.”

“दादा, रस्ता दहा किलोमीटर धर. जाताना अर्धा तास, येताना वीस मिनिटं. म्हणजे वीस किलोमीटर पन्नास मिनिटांत. काढ आता.”

दादानं हिशोब मांडून पाहिला. “अबे हो! पण नुसता हिशोब सांगून लोकांच्या डोक्यात नाही शिरणार.”

“दोन पाहुणे आले समज. मजेदारवाला लवकर उठून गेला. बोअरवाला उठूनच नाही राहिला.” अन् मी त्याचा आवाज काढला, “अच्छा... चाय तो हो गई... और सुनाओ...” मग म्हटलं, “संध्याकाळ कशी गेली? बोअरच जास्त ना? हळू वेग म्हणजे तो पाहुणा. रस्त्यावर जास्त वेळ तोच बसून राहतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते.”

दादा हसून हसून लोटपोट. म्हणाला, “हे लिहून पाठव मला. एकदा पाहून देतो, मग तू ग्रुपवर टाक. तुझ्या टायपिंगमध्ये गडबड असते.”

पाठवलं. मराठीतून.

आईसाठी भाजी घेऊन आलो, ग्रुप उघडला, तर माझा पाहुणा तिथे येऊन बसलेला. हिंदीत. दादाच्या नावानं. ‘और सुनाओ’सकट. खाली टाळ्याच टाळ्या, अन् सर, “वाह बेटा! इतवार की पहेली तुम्हारी.” घाईत फक्त एक शब्द हिंदी करायचा राहिला होता: “औसत पच्चीस काहून नहीं आता?”

दीदीनं विचारलं, “ये काहून क्या है भैया?”

मला वाटलं, आता तरी सांगेल. मी स्क्रीनकडे पाहत उभा, हातात भाजीची थैली तशीच.

दादानं लिहिलं, “अपने जोकर की नक़ल उतार रहा था. वो ऐसे ही बोलता है.”

रांग लागली हसणाऱ्यांची. मी लिहिलं, “ये मैंने समझाया था.” रांग आणखी लांब झाली. एक जण म्हणे, “अब यही सर की आवाज़ में बोल!”

माझा मराठी मेसेज होता की. टाकला असता, तर लोक म्हणाले असते, बघा, आता मराठीतपण नक्कल. खरं काय ते सांगू शकणारा तिथे एकच होता.

शनिवारी त्याचाच मेसेज. “काय बे, रागावला का? गंमत होती यार. ऐक ना, उद्याचं कोडं सुचून नाही राहिलं. एखादं भारी दे.”

होतं माझ्याकडे. याच रविवारसाठी जपून ठेवलेलं.

मी टाइप केलं, “काहून देऊ?” मग खोडलं. तो शब्द आमच्या घरचा होता, अजून एकदा त्याच्या हातात द्यायचा नव्हता. लिहिलं, “देखते हैं, भैया.”

लगेच उत्तर आलं, “हिंदीत काहून बे?”